लॉबीतली सावर: एका निसर्गचित्रावरून पेटलेला वाद

प्रकरण थोडक्यात असं. विलेपार्ले पूर्वेतली एक गृहनिर्माण सोसायटी. तीन मजली जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. भाड्याच्या घरांत पांगलेले सभासद परत आले आणि लॉबीतल्या मोठ्या भिंतीवर जुन्या जागेची आठवण म्हणून एक निसर्गचित्र लावायचं ठरलं. बिल्डर त्या भिंतीला पितळी पानांची चमचमती नक्षी लावून द्यायला तयार होता. सभासदांनी ती नाकारली, आणि याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. वर्गणी निघाली. जे. जे. मधून शिकलेल्या, वसईला राहणाऱ्या एका तरुण चित्रकर्तीला काम दिलं गेलं. ठरलेल्या वेळेत आठ फूट बाय पाच फुटांचा कॅनव्हास आला, भिंतीला टेकवून ठेवला गेला, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला: 'ऐन दारात वठलेलं झाड? कोणी पास केलं हे?'

त्यानंतर ते चित्र बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मी कलेचा इतिहास शिकवते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीबाई माझ्या ओळखीच्या. त्यांचा फोन आला, "ताई, एकदा येऊन बघा. त्यात अशुभ वगैरे काही आहे का, तेवढं सांगा. म्हणजे कमिटीपुढे ठेवता येईल." शुभ-अशुभ सांगणं हा माझा प्रांत नाही, पण निसर्गचित्रातलं झाड काय काय सांगू शकतं, हा माझ्या रोजच्या शिकवण्यातला भाग आहे. म्हणून गेले.

चित्रात काय होतं

डाव्या बाजूला, चौकटीच्या साधारण एक तृतीयांशावर, एक उंच झाड. राखाडी, सरळसोट खोड, बुडाशी भिंतीसारखी पसरलेली मुळं. फांद्या जवळजवळ आडव्या, एकाच उंचीवरून चहूबाजूंना फुटलेल्या, आणि वर पुन्हा तसाच दुसरा मजला. पान एकही नाही. मागे जुनी इमारत: पिवळट रंग, खिडक्यांचे गज, दोरीवर वाळत घातलेला एक पंचा. आकाश निळं नाही, मुंबईत थंडीच्या दिवसांत सकाळी असतं तसं धुरकट गुलाबी. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या पायाशी यावा असा, एका झाडाचा कापलेला बुडखा. त्याचा वरचा काप ताजा, फिकट. भोवती भुसा सांडलेला.

चित्र म्हणून ते चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते. आकाशातला गुलाबी जरा जास्त झाला होता. पण त्या बुडख्यावरचा प्रकाश ज्या हाताने रंगवलाय तो हात तयार आहे.

कमिटीच्या बैठकीत आक्षेप तीन निघाले. एक काका वास्तूच्या बाजूने बोलले. त्यांच्याकडे घरात कोणती चित्रं लावू नयेत याची फॉरवर्ड होत आलेली यादी होती: बुडतं जहाज, युद्ध, रडणारं माणूस, काटेरी झाड, वठलेलं झाड. दुसरा आक्षेप एका तरुण जोडप्याचा, सौंदर्याचा: "एवढे पैसे दिले तर जरा हिरवंगार तरी हवं होतं ना." तिसरं म्हणणं चेअरमनसाहेबांचं. ते मोघम बोलले. चित्र 'निगेटिव्ह' आहे, यापलीकडे काही नाही. सगळ्यात कमी बोलणारे तेच होते आणि चित्र परत पाठवा म्हणून सगळ्यात जास्त अडून बसलेलेही तेच. ही विसंगती मला पहिल्याच दिवशी खटकली होती. तिचा उलगडा नंतर झाला.

यादीतलं वठलेलं झाड

काकांची यादी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चित्रातल्या झाडांना ठरीव अर्थ असतात ही समजूत फक्त वास्तूवाल्यांची नाही. कलेच्या पाठ्यपुस्तकांतही अशा याद्या असतात, फक्त त्यांची भाषा जरा भारदस्त असते. सदाहरित झाड म्हणजे श्रद्धा, ओक म्हणजे बळ, सुरू म्हणजे शोक, तुटलेलं खोड म्हणजे अकाली मृत्यू. आपल्याकडेही आहेतच: सांचीच्या शिल्पांत बोधिवृक्ष खुद्द बुद्धाच्या जागी उभा असतो. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात अंबिका आंब्याखाली बसलेली आहे. मुघल चित्रांत सुरूच्या उभ्या झाडाला बहरलेली फांदी बिलगते तेव्हा तिथे प्रेमी युगुल दाखवायची गरजच उरत नाही. पहाडी चित्रांत वेल झाडाला वेढते आणि शेजारी नायिका एकटीच असते. तिच्या मनात काय चाललंय ते वेल सांगून जाते.

तेव्हा झाडाला अर्थ असतो हे काकांचं म्हणणं मी मान्यच केलं. माझा मुद्दा एवढाच होता की तो अर्थ झाडाच्या जातीत किंवा अवस्थेत ठोकून बसवलेला नसतो. झाड चौकटीत कुठे उभं आहे, शेजारी काय आहे, ऋतू कुठला आणि बघणारा कुठल्या गावचा, यावर तो ठरतो.

कमिटीच्या खोलीतल्या टीव्हीवर मी काही चित्रं दाखवली. पहिलं रॉइस्डाल या डच चित्रकाराचं, १६५०च्या दशकातलं, ज्यू दफनभूमीचं. अॅमस्टरडॅमजवळच्या औडरकेर्कची थडगी त्यात खरी आहेत, पण मागचे भग्न अवशेष आणि वाहता ओढा तिथले नाहीत, ते त्याने जुळवून आणलेत. पुढे एक वठलेलं झाड, फांद्या वर केलेलं. इथे वठलेल्या झाडाचा अर्थ काकांच्या यादीतलाच: सगळं जाणार. पण त्याच आकाशात त्याने एक इंद्रधनुष्यही ठेवलंय. काका म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो?" म्हटलं, थांबा.

दुसरं जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं. १८२२ सालचं, आज बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात असलेलं, एकाकी झाडाचं चित्र. मोकळ्या माळावर मधोमध एक ओक. त्याचा शेंडा पूर्ण वाळलेला, काठीसारखा आकाशात घुसलेला. पण खालच्या फांद्यांना पानं आहेत, आणि खोडाला टेकून एक मेंढपाळ निवांत उभा आहे, आसपास मेंढ्या. ते चित्र वागेनर नावाच्या एका बँकवाल्याने काढून घेतलं होतं. त्यानेही पैसेच मोजले होते. अर्धं मेलेलं झाड नको, असं तो म्हणाल्याची कुठे नोंद नाही. त्याच्या संग्रहातूनच पुढे बर्लिनचं राष्ट्रीय कलादालन उभं राहिलं. त्या ओकचा अर्थ कुणी जर्मन राष्ट्र असा लावला, कुणी माणसाचा चिवटपणा, कुणी सरलेला काळ. मला स्वतःला त्या मेंढपाळाचं टेकणं महत्त्वाचं वाटतं. वाळलेल्या शेंड्याची त्याला काही पडलेली नाही. त्याला सावली मिळते आहे.

तिसरं दाखवलं ते चिनी. अकराव्या शतकातला कवी, अधिकारी आणि चित्रकार सू शी याच्या नावावर असलेलं, एक पीळ पडलेलं निष्पर्ण झाड आणि शेजारी एक विचित्र खडक. बस्स, एवढंच. शाईचे थोडे फटकारे. चिनी परंपरेत वाळकं झाड हे अपशकुनाचं चिन्ह नव्हे. दरबाराच्या मर्जीतून उतरला तरी वाकला नाही अशा विद्वानाचं ते रूप मानतात, आणि सू शी स्वतः हद्दपारी भोगलेला माणूस होता. हे चित्र २०१८ साली हाँगकाँगच्या लिलावात ४६ कोटी ३६ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं.

खजिनदार आतापर्यंत मोबाइलमध्ये होते. "किती म्हणालात?" त्यांनी विचारलं. पुन्हा सांगितलं. त्यानंतर वठलेल्या झाडाबद्दल त्या खोलीत जरा आदराने बोललं जाऊ लागलं, हे कबूल करायला हवं. युक्तिवाद म्हणून किंमत सांगणं हा काही फार वरच्या दर्जाचा मार्ग नाही, पण हाउसिंग सोसायटीच्या बैठकीत तो चालतो.

झाड वठलेलं नव्हतंच

खरी कलाटणी मात्र माझ्या टीव्हीवरच्या चित्रांनी मिळाली नाही. ती दिली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्या बैठकीला यायच्या नव्हत्या, नातवाला शोधत आल्या होत्या. कॅनव्हास तेव्हा माझ्यासाठी वळवून ठेवलेला होता. आजी त्याच्याजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपली सावर! माघात अशीच दिसायची. हे बघ, कळ्या आल्यात."

आल्या होत्याच. आम्ही सगळे तीन-चार फुटांवरून बघत होतो, त्यामुळे दिसल्या नव्हत्या. फांद्यांच्या टोकांशी चित्रकर्तीने तपकिरी-हिरव्या रंगाचे बारीक गोळे बसवले होते, बोराएवढेसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या मोजक्यांच्या तोंडाशी कुंचल्याच्या टोकाने लाल चीर दिली होती. लांबून ते फांदीचं खडबडीत टोक वाटतं. जवळून पाहिलं की झाड फुलायच्या बेतात आहे.

काटेसावर डिसेंबर-जानेवारीत पानं टाकते आणि उघड्या फांद्यांवर जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत फुलते. मुठीएवढी, जाड पाकळ्यांची, लालभडक फुलं. कावळे, साळुंक्या, बुलबुल त्या फुलांत चोची बुडवून असतात. एप्रिल-मेमध्ये बोंडं उकलतात आणि कापूस उडतो. आजींनी त्या कापसाच्या उश्या केल्याचं सांगितलं. उशी भरायला किती बोंडं लागतात आणि पोरं ती कशी पळवायची, हेही सांगितलं. ते ऐकताना खोलीतले दोघे-तिघे पन्नाशीचे गृहस्थ एकदम हसले. ती पोरं तेच होते.

इथे मला प्रकरणाचा गाभा सापडतो असं वाटतं. निष्पर्ण झाड म्हणजे मरण, ही चित्रभाषा घडली ती बर्फ पडणाऱ्या मुलखात. तिथे पान गळतं ते थंडीच्या तोंडावर, आणि पुढचे कित्येक महिने जमीन गोठलेली असते. फ्रीडरिशच्याच १८०९-१० मधल्या मठाच्या चित्रात ओकची उघडी झाडं भग्न दारामागे उभी आहेत, खालून अंत्ययात्रा चालली आहे आणि जमिनीवर बर्फ आहे. तिथे त्या फांद्या दुसरं काही सांगूच शकत नाहीत. कोकणपट्टीत आणि सह्याद्रीत गोष्ट उलटी आहे. पळस, पांगारा, सावर ही मंडळी आधी पानं उतरवतात आणि मग पेटतात. पिंपळ वसंताच्या तोंडावर रिकामा होतो आणि बघता बघता तांबूस पालवीने भरतो. अगदी मादागास्करहून आलेला गुलमोहरसुद्धा इथला होऊन गेलाय. एप्रिलमध्ये वाळक्या शेंगा लटकवत उभा असतो आणि मेमध्ये रस्ता लाल करतो. आपल्याकडे उघडी फांदी म्हणजे शिमगा जवळ आला. आरे कॉलनीच्या रस्त्याने किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारीत फेरी मारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण चित्रासमोर उभं राहिलं की आपण झाड बघायचं सोडतो आणि कुठेतरी वाचलेली यादी बघतो.

मग चित्रकर्तीला फोन लावला, स्पीकरवर. झाड निष्पर्ण का काढलं, या प्रश्नावर तिने दिलेलं उत्तर इतकं साधं होतं की क्षणभर कुणीच बोललं नाही. ती पहिल्यांदा जागेवर गेली तेव्हा झाड आधीच तोडलेलं होतं. म्हणून तिने सभासदांकडून जुने फोटो मागवले. झाड पूर्ण दिसेल असे फोटो निघाले ते सगळे झेंडावंदनाचे. वर्षानुवर्षं सोसायटीचा ग्रुप फोटो निघायचा तो २६ जानेवारीला, झाडाच्या पुढ्यात. १५ ऑगस्टला पाऊस असायचा, तेव्हा लोक जिन्यात उभे राहायचे. त्यामुळे सगळ्या अल्बमांतली सावर जानेवारीतली, पानं गेलेली आणि कळ्या धरलेली. "मी मरण वगैरे काही ठरवलं नव्हतं हो," ती म्हणाली, "तुमच्या फोटोंत जशी होती तशी काढली."

वास्तूच्या काकांनी यावर जाहीरपणे आक्षेप मागे घेतला. फुलणारं झाड यादीत नव्हतं. काटेसावर काटेरी असते, आणि काटेरी झाड यादीत आहे, याची आठवण कुणी करून दिली नाही. मीही दिली नाही.

बुडखा

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. चेअरमनसाहेब अजूनही नकोच म्हणत होते. मग त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. त्यांनी चित्राच्या कोपऱ्याचा फोटो काढून मोठा करून ठेवला होता. बुडख्याच्या सालीवर पांढऱ्या रंगात एक आकडा होता, करवतीच्या रेषेवर अर्धा कापलेला. मुंबईत झाडांवर असे पांढरे नंबर घातलेले असतात, सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट. मग त्यांनी बोट उचलून उभ्या झाडाच्या खोडाकडे दाखवलं. तिथेही पांढरा नंबर होता. तोच.

म्हणजे चित्रात झाड आणि बुडखा अशा दोन गोष्टी नव्हत्या. एकच झाड दोनदा होतं. उभं असताना, आणि तोडल्यावर.

मला त्या क्षणी चित्र आणखी आवडलं, पण बैठकीत तो आनंद दाखवायची सोय नव्हती. एकाच चौकटीत तेच पात्र दोनदा-तीनदा येणं ही आपल्या कथनाची फार जुनी रीत आहे. सांचीच्या तोरणांवर, अजिंठ्याच्या भिंतींवर गोष्ट अशीच पुढे सरकते: राजा इथे बसलेला, तोच तिथे निघालेला, मध्ये चौकट तोडायची गरज नाही. ती रीत माणसांसाठी वापरलेली मी शेकडो वेळा दाखवली आहे. एका झाडासाठी ती वापरलेली पाहिली ती पहिल्यांदाच. सावरीला तिने कथेतलं पात्र केलं होतं.

चेअरमनसाहेबांना अजिंठा नको होता. त्यांना आरोप दिसत होता, आणि तो तिथे होताच. झाड तोडण्यासाठी रीतसर परवानगी घेतली होती. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे, हरकती मागवणारी नोटीस झाडाला डकवली जाते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसावृक्ष धरलं जातं आणि भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाच्या हिशेबाने लावावी लागतात. सोसायटीची सावर त्या दुरुस्तीच्या आधीच गेली होती. कागद सगळे जागच्या जागी. पण अर्जावर सोसायटीच्या वतीने सही चेअरमनची. "हात सगळ्यांनी वर केले होते, ताई. सही माझी होती. आता माझ्या नातवंडांनी रोज लिफ्टला जाताना तो नंबर वाचायचा का?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता आणि चित्रही खोटं बोलत नव्हतं. अशा वेळी कलेचा इतिहास सांगणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची? मी चित्राची घेतली, पण त्यांचं म्हणणं गैर आहे असं म्हणून नव्हे.

त्यांना मी अमेरिकेतल्या जॉर्ज इनेस या चित्रकाराची गोष्ट सांगितली. साधारण १८५६ साली एका रेल्वे कंपनीने त्याच्याकडून लॅकावाना खोऱ्याचं चित्र काढून घेतलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कंपनीला हवी होती तिची गाडी, तिची गोल इंजिनशाळा, तिची भरभराट. ते सगळं चित्रात आहे, छान आहे. पण पुढचं अख्खं शेत बुडख्यांनी भरलेलं आहे. डावीकडे एक उंच झाड जपून ठेवलंय आणि उतारावर एक मुलगा गाडीकडे बघत पहुडलाय. इनेस प्रगती साजरी करतोय की तिची किंमत मोजून दाखवतोय, यावर अभ्यासक आजही भांडतात. मला वाटतं तो दोन्ही करतोय, आणि म्हणूनच ते चित्र टिकलं. नुसत्या गाडीचं चित्र जाहिरात होऊन विरलं असतं.

"पण त्यात कुणाचा नंबर नव्हता," चेअरमन म्हणाले. उत्तर बिनतोड होतं.

काय काय सुचवलं गेलं

तरुण जोडप्याने मधला मार्ग काढला: झाडाला फुलं आणा. पूर्ण लाल करा. मग कुणाला वाईट वाटणार नाही. चित्रकर्ती तोपर्यंत लोकल पकडून येऊन पोचली होती. तिने डोकं हलवलं. "काका, मी फुलवते. एका दिवसाचं काम आहे. पण झाड जितकं फुलेल तितका तो बुडखा जास्त बोलेल. आत्ता दोघं एकाच आवाजात बोलताहेत." निसर्गचित्रात खुणा अशाच काम करतात, शेजाऱ्याच्या जोरावर. हे तिने जितक्या थोडक्यात सांगितलं तितकं मला वर्गात कधी जमत नाही.

सेक्रेटरीबाईंची सूचना, चित्राखाली चित्रकर्तीने अर्थ समजावून सांगणारी टिपण लिहावी. याला मी विरोध केला. १८०८ साली फ्रीडरिशने डोंगरमाथ्यावरच्या क्रूसाचं आणि देवदारांचं चित्र वेदीसाठी म्हणून प्रदर्शित केलं तेव्हा रामडोर नावाच्या टीकाकाराने १८०९ मध्ये झोड उठवली होती: निसर्गचित्राने वेदीवर चढावं म्हणजे काय! वैतागून फ्रीडरिशने खुलासा दिला. सदाहरित देवदार म्हणजे आशा, खडक म्हणजे अढळ श्रद्धा, वगैरे. तेव्हापासून आजपर्यंत लोक त्याच्या प्रत्येक देवदाराला तोच खुलासा चिकटवत आलेत, चित्रात तो बसो वा न बसो. भांडणाच्या भरात दिलेला अर्थ चित्राला जन्मभर पुरतो. चित्रकर्तीने टिपण लिहायला नकार दिला आणि मी तिला दुजोरा दिला.

शेवटी चेअरमननीच तोडगा काढला, आणि तो मला सुचला नसता. नंबर राहू द्या, बुडखाही राहू द्या. पण शेजारी एक पाटी हवी. अर्थ सांगणारी नको, माहितीची: झाडाचं नाव, ते कुठे होतं, कोणत्या परवानगीने आणि सोसायटीच्या कोणत्या ठरावाने काढलं. आणि ठराव एकमताने झाला होता, हे त्यात स्वच्छ लिहायचं. आपल्या एकट्याच्या सहीचं ओझं त्यांना चौदा मजल्यांवर सारखं वाटून द्यायचं होतं. बैठकीत हे ऐकल्यावर काही सभासद पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. तोवर बुडखा त्यांचा नव्हता.

पाटीचं निघालं तेव्हा मला इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल आठवला. लंडनच्या हॅम्पस्टेडला १८३६ साली दिलेल्या व्याख्यानात त्याने एका अॅश झाडाचं चित्र दाखवलं होतं. त्याच्याबद्दल तो एखाद्या देखण्या तरुणीबद्दल बोलावं तसा बोलला. पुढे त्या झाडावर कुणी पाटी ठोकली: भटक्यांवर आणि भिकाऱ्यांवर कायदेशीर कारवाई होईल. झाडाचा शेंडा वाळू लागला. शेवटी ते इतपतच उंच ठेवून कापलं की पाटी तेवढी राहावी. त्या अपमानाने ते झाड खचलं, असं तो सांगायचा. मुंबईतल्या झाडांना खिळे, बॅनर, ट्यूशनच्या पाट्या आणि दिवाळीच्या माळा यांची सवयच करून दिली आहे आपण. रस्त्यावरचा पर्जन्यवृक्ष दिसला की आधी त्यावर काय ठोकलंय तेच दिसतं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा चित्रकर्तीने एकच अट घातली: पाटी फ्रेमला ठोकायची नाही, भिंतीवर लावायची, आणि चित्रापासून हातभर लांब.

निकाल

सर्वसाधारण सभेत चित्र मंजूर झालं. सर्वानुमते नव्हे, काही हात खालीच राहिले. ते दारासमोरच्या भिंतीऐवजी लिफ्टच्या बाजूच्या भिंतीवर लागलं, म्हणजे वास्तूच्या काकांचाही मान राहिला. खरं तर ती जागा जास्त चांगली आहे. दारासमोर ऊन थेट आलं असतं, आणि माणसं दारातून आत येतात ती घाईत असतात. लिफ्टपाशी थांबावंच लागतं, आणि थांबलेल्या माणसाचे डोळे साधारण बुडख्याच्या कोपऱ्यापासून चित्रात शिरतात. मग वर झाडाकडे जातात. कळ्या दिसायला मात्र दोन पावलं पुढे यावं लागतं.

आकाशातला गुलाबी थोडा उतरवता येईल का, असं मी चित्रकर्तीला खासगीत विचारलं. ती नाही म्हणाली. फोटोंत तसाच होता.

पाटीच्या मजकुरावर कमिटीने चित्रापेक्षा जास्त वेळ घेतला. 'तोडले' की 'काढले' यावरच एक अख्खी बैठक गेली. 'काढले' ठरलं. पाटी स्टीलची आहे, झाडाचं नाव 'काटेसावर' असं बरोबर आहे, ठरावाची तारीख आहे, आणि त्याखाली कुणाचीही सही नाही. चित्रकर्तीचा अडकलेला शेवटचा हप्ता पाटी लागल्यावर खजिनदारांनी जमा केला. त्याच दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं, चित्राचा विमा उतरवायचा तर किंमत किती लावायची.